आंबट पेरू ‘कास’ : फळाचा उपयोग आणि मुळांचे मोल

महाराष्ट्रात पेरूची परीक्षा गोडीवरून होते. फळ मोठे, गर जाड, बिया मऊ व थोड्या आणि चव गोड हे गुण ज्या जातीत एकवटले ती जात उत्तम, असा बागाईतदार व ग्राहक या दोघांचाही संकेत आहे. १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात निवडपद्धतीने काढलेली ‘लखनौ ४९’ अथवा ‘सरदार’ ही जात याच कसोटीस उतरून देशभर पसरली. या कसोटीने पाहिल्यास मध्य अमेरिकेतील ‘कास’ हा पेरू कोणाच्याही पसंतीस उतरण्यासारखा नाही. त्याचे फळ लहान, गर पातळ व रसाळ आणि चव लिंबाशी स्पर्धा करील इतकी आंबट असते. असे असूनही कोस्टा रिका या देशात त्याला घरोघरी मानाचे स्थान आहे. शिवाय भारतातील पेरूच्या बागांना दीर्घकाळ ग्रासून राहिलेल्या मर रोगाचा विचार जेथे जेथे झाला, तेथे या झाडाचे नाव पुनःपुन्हा पुढे आलेले आहे. म्हणून या वृक्षाची ओळख, त्याची लागवड, फळाचा उपयोग आणि खुंट म्हणून त्याची योग्यता यांचा एकत्र विचार करणे उपयुक्त ठरेल.

नाव व वनस्पतिशास्त्रीय स्थान

‘कास’ हे नाव कोस्टा रिकातील बोलीतले आहे. साताऱ्याजवळील कासच्या पठाराशी त्याचा काही संबंध नाही. मध्य अमेरिकेच्या इतर भागांत यास ‘आंबट पेरू’ अशाच अर्थाच्या स्पॅनिश नावाने ओळखतात. शास्त्रीय नाव सिडियम फ्रीड्रिक्सथालियानम. इमानुएल फॉन फ्रीड्रिक्सथाल या ऑस्ट्रियन प्रवाशाच्या स्मरणार्थ हे नाव योजलेले आहे. १८०९ ते १८४२ असे अल्प आयुष्य लाभलेल्या या गृहस्थाने मध्य अमेरिकेत वनस्पतींचे नमुने गोळा केले. माया संस्कृतीच्या अवशेषांची अगदी आरंभीची छायाचित्रेही त्यानेच घेतली. ओटो बेर्ग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये या वृक्षाचे वर्णन एका निराळ्या प्रजातीखाली केले. पुढे १८९३ मध्ये नीडेन्झू याने त्यास पेरूच्या सिडियम या प्रजातीत आणून बसविले.

आपला नेहमीचा पेरू म्हणजे सिडियम ग्वाजावा. विदर्भात ज्यास जांब म्हणतात तो हाच. हे दोन्ही वृक्ष जंबुल कुलातील, म्हणजे जांभूळ, लवंग व निलगिरी यांच्या गोतातील होत. पाने चुरगाळली असता येणारा सुवास, फुलातील असंख्य पुंकेसर आणि फळाच्या टोकावर शिल्लक राहणारा संदलांचा मुकुट या खुणा त्या गोताच्या साक्षी आहेत.

येथे एका घोटाळ्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. भारतातील फळबागशास्त्राच्या लिखाणात कासला ‘चिनी पेरू’ असे म्हटलेले आढळते. चीनशी त्याचा मूळचा काहीही संबंध नाही. त्यातच, ब्राझीलच्या किनारपट्टीवरील सिडियम कॅटलेयानम या निराळ्या जातीसही कित्येक ठिकाणी हेच नाव लावतात. दोन्ही झाडे आंबटगोड वा आंबट फळे देणारी व पेरूच्या नात्यातील असली, तरी खुंट म्हणून त्यांचे वर्तन सारखे असेल असे गृहीत धरता येत नाही. रोपवाटिकेतून नुसते ‘चिनी पेरू’ म्हणून रोप घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडेल याची शाश्वती नाही. ओळख पटविण्यास दोन खुणा पुरेशा आहेत. कासच्या कोवळ्या फांद्या बारीक, तांबूस तपकिरी व चौकोनी असतात आणि पाने टोकदार असतात. सिडियम कॅटलेयानमच्या फांद्या गोल असून पाने जाड, चामड्यासारखी, चकचकीत आणि टोकाकडे रुंद असतात.

वृक्षाचे स्वरूप

कास हा सदापर्णी लहान वृक्ष असून सामान्यतः ६ ते १० मीटर उंच वाढतो. साल पेरूप्रमाणेच गुळगुळीत असते व पातळ पापुद्र्यांनी सुटते. पाने समोरासमोर, लांबट, वरून चकचकीत व खालून बारीक लव असलेली असतात. पानांच्या बगलेत पांढरी सुवासिक फुले एकेकटी येतात. फळ गोल वा लंबगोल, साधारणपणे ३ ते ६ सेंटिमीटर व्यासाचे असते. पिकल्यावर साल पिवळी होते. गर मात्र पांढराच राहतो. नेहमीच्या पेरूच्या मानाने बिया थोड्या असतात. पिकलेले फळ फार नाजूक असते. ते सहज ठेचाळते आणि थोड्याच दिवसांत खराब होते, म्हणून लांबच्या बाजारात ताजे फळ पाठविण्यापेक्षा त्याचा गर काढून गोठविणे किंवा त्यावर लगेच प्रक्रिया करणे श्रेयस्कर ठरते.

प्रदेश, हवामान व जमीन

मध्य अमेरिका हा कासचा मूळ प्रदेश असून दक्षिण अमेरिकेच्या वायव्य भागातही तो आढळतो. कोस्टा रिकातील लोकवस्तीचा मुख्य भाग जेथे एकवटला आहे त्या मध्य खोऱ्यातील परसात व शेतांच्या कडेला त्याची झाडे राखलेली असतात. सान होसे ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ११७० मीटर उंचीवर आहे. तेथे थंडीचा कडाका नाही व उन्हाळ्याची होरपळही नाही. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ व मे ते नोव्हेंबर हा पावसाळा, असे वर्षाचे दोनच भाग पडतात.

यावरून कासच्या गरजांचा अंदाज बांधता येतो. उबदार, दमट हवा आणि निचऱ्याची जमीन त्यास मानवते. कडक थंडी व धुके यांचा त्याला सराव नाही. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोकणपट्टी व सह्याद्रीचा पश्चिम उतार यांचे हवामान त्यास अधिक जवळचे आहे. पठारावर उन्हाळ्यात पाण्याची सोय असल्याशिवाय त्याची लागवड करणे शहाणपणाचे होणार नाही. काळ्या, चिकण व पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत साधा पेरूही दु:खी असतो. तेथे कासकडूनही फार अपेक्षा करू नये.

अभिवृद्धी व लागवड

कोस्टा रिकातील परसबागांत बहुतेक झाडे बियांपासून झालेली असतात. पूर्ण पिकलेल्या फळातून बी काढावे, गर धुऊन टाकावा व सावलीत सुकवून लवकर पेरावे. बियांपासूनच्या रोपांत फळाचा आकार, आंबटपणा व उत्पन्न या बाबतींत बराच फरक पडतो. फळासाठीच झाड हवे असेल, तर चांगल्या झाडावरून गुटी बांधणे किंवा त्याचे डोळे वा काड्या रोपांवर बसविणे हा मार्ग अधिक भरवशाचा आहे.

लागवडीची पद्धत पेरूहून फारशी निराळी नाही. पावसाळ्याच्या आरंभी, चारी बाजूंस सुमारे ६ मीटर अंतर सोडून, शेणखत व चांगली माती भरलेल्या खड्ड्यांत रोपे लावावीत. पहिली दोन वर्षे आकार देण्यापुरतीच छाटणी करावी. पेरूप्रमाणेच कासलाही नव्या फुटीवर फुले येतात. म्हणून फळांचा हंगाम संपल्यावर केलेली हलकी छाटणी हिताची ठरते.

किडींपैकी फळमाशी ही सर्वांत उपद्रवी होय. मध्य अमेरिकेत पेरूवर्गीय फळांवर तेथील देशी फळमाशांचा उपद्रव होतोच. भूमध्यसागरी फळमाशीचीही त्यांत १९५५ सालापासून भर पडली. भारतात तिची जागा आपल्याकडील फळमाशा घेतील. पडलेली फळे रोजच्या रोज गोळा करून खोल पुरणे, मिथिल युजेनॉलचे सापळे लावणे आणि फळ पूर्ण पिकण्यापूर्वी उतरविणे हे उपाय येथेही लागू पडतात. प्रक्रियेसाठी फळ हवे असल्याने ते किंचित आधी काढण्यास काहीच प्रत्यवाय नाही.

फळाचा उपयोग : आंबटपणा हाच गुण

कोस्टा रिकात कासचा सर्वांत मोठा उपयोग पेयासाठी होतो. फळे कापून पाण्यात घुसळतात, गाळून बिया व चोथा काढतात आणि साखर घालून थंडगार पितात. कोकणात उन्हाळ्यात कोकमाच्या सरबताला व देशावर कैरीच्या पन्ह्याला जे स्थान आहे, तेच तेथे या पेयाला आहे. घुसळताना बिया भरडल्या जाणार नाहीत इतकीच काळजी घ्यावी लागते. याखेरीज बर्फाचे गोड पदार्थ, मुरंबे व जेली यांतही कास वापरतात. हिरवी फळे मीठ लावून खाण्याची आवडही तेथे आहे. आपल्याकडील मुलांना चिंचेचे व आवळ्याचे जे वेड असते त्याच जातीची ती आहे.

या आंबटपणाचे महत्त्व केवळ जिभेपुरते नाही. फळप्रक्रियेच्या शास्त्रात आम्ल हा एक आवश्यक घटक आहे, आणि जेलीच्या उदाहरणाने ते उत्तम प्रकारे स्पष्ट होते.

जेली घट्ट होते ती पेक्टिन, साखर आणि आम्ल या तिघांच्या संयोगाने. पेक्टिन हे वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींना एकत्र जोडून ठेवणारे द्रव्य होय. पाण्यात विरघळल्यावर त्याच्या लांब साखळ्या आपल्या भोवती पाण्याचे वेष्टण घेऊन असतात. शिवाय त्यांच्यावर ऋण विद्युत्भार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात. साखर भरपूर घातली म्हणजे ती हे पाणी आपल्याकडे ओढून घेते. आम्ल घातले म्हणजे साखळ्यांवरील भार कमी होतो व त्यांचे परस्परांना लोटणे थांबते. मग त्या ठिकठिकाणी एकमेकींस चिकटतात आणि त्यांच्या जाळ्यात सर्व रस अडकून पडतो. हीच जेली. यासाठी विद्राव्य घनद्रव्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के आणि आम्लता सामू ३.० ते ३.३ च्या आसपास असावी लागते. आम्ल कमी पडले तर कितीही साखर घातली व कितीही आटविले तरी पाकच होतो, जेली होत नाही. आम्ल फार झाले तर जाळे आवळले जाऊन जेलीतून पाणी सुटू लागते.

साध्या पेरूत पेक्टिन विपुल असते. उणीव असते ती आम्लाची. म्हणूनच पेरूची जेली करताना आपल्याकडे सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस घालण्याची शिफारस केलेली असते. गोव्यात नाताळच्या सुमारास होणाऱ्या ‘पेराद’ या पेरूच्या वड्यांतही लिंबू पिळण्याची रीत याच अनुभवातून आलेली आहे. कासमध्ये आम्ल व पेक्टिन दोन्ही एकाच फळात मिळतात. त्यामुळे त्याच्या जेलीला बाहेरून काही घालावे लागत नाही.

घरगुती प्रमाणावर कासची जेली करण्याची रीत पुढीलप्रमाणे सांगता येईल. पुरती वाढलेली व नुकती पिवळी होऊ लागलेली १ किलो फळे धुऊन त्यांच्या चकत्या कराव्या. फळे अति पिकलेली नसावीत, कारण पिकण्याबरोबर पेक्टिन विघटित होत जाते. चकत्या बुडतील इतके पाणी घालून अर्धा तास मंद आचेवर शिजवाव्या. भांडे स्टेनलेस पोलादाचे असावे. बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात इतके आंबट फळ शिजवू नये. नंतर मलमलीच्या कापडात बांधून रस आपोआप गळू द्यावा. घाईने पिळल्यास रस गढूळ होतो.

रसातील पेक्टिनची परीक्षा सोपी आहे. एक चमचा थंड रसात दोन चमचे मेथिलेटेड स्पिरिट घालून हलकेच हलवावे. एकच घट्ट गोळा जमला तर पेक्टिन भरपूर आहे असे समजून रसाच्या वजनाइतकी साखर घ्यावी. दोन-तीन गोळे झाले तर पाऊण पट व नुसते बारीक कण दिसले तर अर्धपट साखर पुरे. परीक्षेचा रस लगेच फेकून द्यावा, कारण ते स्पिरिट विषारी असते. साखर घालून रस मोठ्या आचेवर उकळावा. आम्ल भरपूर असल्याने फार वेळ मंद आचेवर ठेवल्यास पेक्टिनच तुटून जाते. म्हणून जेवढ्या लवकर आटेल तेवढे बरे. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा तापमान सुमारे ५ अंशांनी वर गेले, म्हणजे समुद्रकाठी १०५ अंश सेल्सियस व पुण्यासारख्या उंच ठिकाणी १०३ अंशांच्या सुमारास, जेली तयार झाली असे समजावे. तापमापक नसल्यास चमच्याने रस उचलून तिरपा करावा. थेंब सुटे न पडता एकत्र येऊन पापुद्र्यासारखा गळू लागला म्हणजे झाले. चाळणीत राहिलेला गर फुकट घालवू नये. चाळून बिया काढल्यावर त्याच्या वड्या चांगल्या होतात.

कास मुबलक नसेल तेथे गोड पेरूच्या रसात त्याचा थोडा रस मिसळणे अधिक किफायतशीर ठरेल. पेरूचा सुगंध व पेक्टिन आणि कासचे आम्ल असा हा मेळ आहे. पेयांच्या टिकाऊपणासही त्याचा लाभ होतो. ज्या पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा कमी असतो त्यात बोट्युलिनम हा घातक जंतू वाढू शकत नाही, व असा पदार्थ उकळत्या पाण्याच्या उष्णतेने सुरक्षित करता येतो. पेरूचा सामू बहुधा या मर्यादेखाली असतोच. आंबट रसाची भर पडल्याने ही सुरक्षितता आणखी पक्की होते.

मुळांचे मोल : मर रोग व सूत्रकृमी

फळाचे हे उपयोग असले, तरी भारतीय बागाईतदारांच्या दृष्टीने कासचा सर्वांत मोलाचा भाग कदाचित त्याचे मूळ ठरेल.

भारतात पेरूच्या मर रोगाची नोंद प्रथम अलाहाबाद, म्हणजे आजच्या प्रयागराज परिसरात १९३५ साली झाली. पावसाळ्यानंतर शेंड्याकडील पाने पिवळी पडून मुरडतात, फांद्या एकेक करून वाळतात आणि भरात आलेले झाड काही आठवड्यांत वा महिन्यांत मरते. याचे मुख्य कारण फ्युजेरियम गटातील बुरशी होय. तिचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. झाड उपटून तेथेच दुसरे लावले तर तेही बळी पडते. जमीन निर्जंतुक करणे लहान बागेतही परवडणारे नाही. अशा वेळी एकच सयुक्तिक मार्ग उरतो : ज्या मुळांना हा रोग बाधत नाही त्यांवर आपल्याला हवी ती जात वाढविणे. द्राक्षबागांनी व लिंबूवर्गीय फळांच्या बागांनी हा मार्ग पूर्वीच स्वीकारलेला आहे.

१९६० च्या दशकात अलाहाबाद येथे झालेल्या खुंटांच्या चाचण्यांतून ‘चिनी पेरू’, म्हणजे सिडियम फ्रीड्रिक्सथालियानम, हा मर रोगास प्रतिकारक असून साध्या पेरूच्या कलमाशी जुळतो असे १९६४ मध्ये नोंदविले गेले. तेव्हापासून मर रोगावरील भारतीय लिखाणात या वृक्षाचा उल्लेख होत आला आहे. बागांत मात्र तो फारसा पोहोचला नाही.

गेल्या पाव शतकात या प्रश्नाला एक नवीन बाजू आली. मेलॉइडोगाइन एंटेरोलोबी ही मुळांवर गाठी निर्माण करणारी सूत्रकृमीची जाती चीनच्या हायनान बेटावरून १९८३ मध्ये वर्णिली गेली. २००१ मध्ये तिने ब्राझीलच्या ईशान्य भागातील पेरूबागा उद्ध्वस्त करीत असल्याचे उघडकीस आले. भारतात पेरूवर तिची नोंद २०१६ मध्ये तामिळनाडूतून झाली व नंतर इतर काही राज्यांतूनही तिचा आढळ कळला. या सूत्रकृमीची सूक्ष्म पिल्ले मुळाच्या टोकातून आत शिरतात, तेथील पेशींना अवाजवी मोठे करून त्यांतून अन्न शोषतात, आणि प्रौढ मादी मुळावर चिकट द्रव्यात शेकडो अंडी घालते. मूळ गाठाळते, पाणी व अन्न वर जाईनासे होते.

ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. तेथील फ्युजेरियम सोलानी ही बुरशी निरोगी पेरूच्या मुळांना फारशी अपाय करू शकत नव्हती. परंतु सूत्रकृमींनी पोखरलेल्या झाडांची मुळे तिच्यामुळे कुजून झाड मरत होते. म्हणजे एका शत्रूने दार उघडावे व दुसऱ्याने घर लुटावे असा हा प्रकार होय. यावरून सूत्रकृमीला दाद न देणारा खुंट हा बुरशीविरुद्धही अप्रत्यक्ष संरक्षण देऊ शकेल, असा निष्कर्ष निघतो. ब्राझीलमध्ये झालेल्या चाचण्यांत सिडियम प्रजातीतील ज्या जाती या सूत्रकृमीस प्रतिकारक आढळल्या, त्यांत कासचा समावेश आहे.

कलम करताना ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

महाराष्ट्रात पेरूची रोपे पुष्कळदा गुटी किंवा दाब कलमाने केली जातात. या पद्धती सोप्या आहेत व मातृवृक्षाचे गुण त्यांत जसेच्या तसे उतरतात. परंतु अशा रोपाची मुळे त्याच जातीची असतात. ‘सरदार’ची गुटी म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत ‘सरदार’च; आणि ‘सरदार’च्या मुळांना मर रोगाचे जे भय आहे ते तिच्यातही कायम राहते. खुंटाचा लाभ घ्यावयाचा असेल तर पाचर कलम वा डोळा भरणे याच पद्धतीकडे वळले पाहिजे.

त्यातही दोन पथ्ये आहेत. पहिले असे की, रोप लावताना कलमाचा सांधा जमिनीच्या वरच राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला तर वरच्या जातीस स्वतःची मुळे फुटतात, आणि सर्व खटाटोप व्यर्थ होतो. दुसरे असे की, सांध्याखालून येणारे फुटवे वेळोवेळी काढून टाकावेत. नाहीतर काही वर्षांनी गोड पेरूच्या बागेत आंबट फळे लागलेली दिसतील.

खुंटासाठी लागणारी कासची रोपे बियांपासून केली तर प्रत्येक रोप थोडे निराळे असते, व प्रतिकारशक्ती सर्वांत सारखी उतरेलच असे नाही. म्हणून परीक्षित झाडांपासून, माती चढवून फुटवे मुळावणे किंवा तुषारगृहात छाट कलमे लावणे या मार्गांनी एकसारखे खुंट तयार करणे अगत्याचे आहे.

मर्यादा व पर्याय

या सर्व विवेचनावरून कास हे पेरूच्या सर्व दुखण्यांवरील रामबाण औषध आहे असे मात्र समजू नये. भिन्न जातींच्या कलमांत सांधा वरवर जुळलेला दिसतो आणि काही वर्षांनी तेथेच झाड खुरटते, असा अनुभव फळबागशास्त्रात नवा नाही. खुंटामुळे वरच्या जातीच्या फळाचा आकार, गोडी व उत्पन्न यांत फरक पडतो किंवा कसे, हे निरनिराळ्या जमिनींत व निदान आठ-दहा वर्षे निरीक्षण केल्याखेरीज ठरविता येणार नाही. रोगकारक बुरशीचेही अनेक प्रकार आहेत. एका प्रदेशातील प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रदेशात टिकेलच असे नाही.

दुसरा मार्ग संकराचा आहे. ब्राझीलमध्ये साधा पेरू व सिडियम गिनीन्से हा दुसरा एक आंबट रानपेरू यांच्या संकरातून सूत्रकृमीस प्रतिकारक असा ‘गुआरासा’ हा खुंट निर्माण करण्यात आला. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेतही याच रानपेरूच्या गटातील सिडियम मोले व साधा पेरू यांच्या संकरातून मर रोगास तोंड देणारा खुंट काढण्यात आला. निम्मे रक्त साध्या पेरूचे असल्याने संकराचा सांधा अधिक सहजपणे जुळतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्यांचे फळ कोणी बाजारात विचारीत नाही अशा आंबट रानटी नातलगांकडूनच या दोन्ही ठिकाणी साहाय्य मिळाले.

परदेशातून नवीन झाड आणताना आणखी एक धोका विचारात घ्यावा लागतो. सिडियम कॅटलेयानम १८२५ मध्ये हवाई बेटांत नेण्यात आला. डुकरांनी व पक्ष्यांनी त्याच्या बिया रानोमाळ पसरविल्या, आणि आज त्याच्या गर्द झाळीने तेथील मूळच्या अरण्याला ग्रासले आहे. मॉरिशस व रेयुनियाँ येथेही त्याने तेच केले. कासची लागवड पावसाळी कोकणात किंवा घाटमाथ्यावरील अरण्यांलगत करावयाची झाल्यास, प्रथम मर्यादित क्षेत्रात तिचे निरीक्षण व्हावे हे इष्ट. रोपे वा बी आणण्याचा मार्गही राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा संस्थेच्या द्वारे व २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसारच असला पाहिजे. ज्या सूत्रकृमीपासून बाग वाचवावयाची तीच मुळांना चिकटलेल्या मातीतून देशात यावी, यासारखा दुर्दैवी विपर्यास नाही.

समारोप

फळझाडांच्या निवडीत मानवाने शतकानुशतके गोडी, आकार व मऊपणा यांनाच पसंती दिली. या निवडीतून गोड फळे मिळाली. पण शेकडो मैलांपर्यंत एकाच जातीची बाग पसरली, व त्या एकसारखेपणामुळे एका रोगाला सर्व बागा मोकळ्या झाल्या. कास हा पेरू त्या निवडीच्या बाहेर राहिला. कोस्टा रिकातील लोकांनी त्याचा आंबटपणा काढून टाकण्याचा यत्न न करता त्याला साजेसा उपयोग शोधला, म्हणून तो तेथील परसात टिकला. जो परसात टिकला तोच पुढे संशोधनासाठी उपलब्ध झाला.

महाराष्ट्रापुरता यातून निघणारा बोध व्यावहारिक आहे. कासची मोठी व्यापारी लागवड आज कोणी करावी असे नाही. परंतु राज्यातील प्रत्येक कृषिविद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर त्याची काही खात्रीलायक ओळखीची झाडे असणे, त्यांवर ‘सरदार’सारख्या आपल्या जातींची कलमे करून मर लागलेल्या जमिनीतच त्यांची दीर्घकाळ परीक्षा होणे, आणि त्या झाडांच्या फळांपासून जेली व सरबते करून पाहणे, या गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. त्याचबरोबर करवंद, कोकम, रानजांभूळ अशा आपल्याकडील आंबट व तुरट फळांच्या रानटी जातींची झाडे तोडली जाण्यापूर्वी त्यांची नोंद व जतन झाले पाहिजे. बाजारात ज्या फळाला किंमत नाही त्याचे मूळ उद्याच्या बागेचा आधार होऊ शकते.